दादाची खुंटी

“माझ्या दादाला खुंटी का नाही मिळाली?”

दिघे वकिलांच्या पेढीत जाऊन मी हे विचारलं. कारकून म्हणाला, “उद्या ये.” धाकटे वकील म्हणाले, “थोरल्यांना विचार.” थोरले दिघे म्हणाले, “प्रश्न लेखी आण.” मला धड लिहिता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं!

पेढीची रीतच तशी. कायम वकिलाला बैठकीत पगडी टांगायला स्वतःची खुंटी. उन्हाळ्यात कायदा शिकलेली पोरं उमेदवारीला घ्यायचे. त्यांनी पगडी मांडीवर ठेवायची. “नीट काम करा, पावसाळ्यात कायम करू!” पाऊस यायचा, पोरं घरी जायची. दादा दर उन्हाळ्याला नव्या आशेने जायचा. खुंटीसाठी त्याने लाल पगडी करवून घेतली होती. यंदा त्याला ऊन लागलं आणि तो गेला.

तेरावं झालं आणि मी तडक दरबारात घुसलो. भालदार ओरडला. मी त्याच्याहून मोठ्याने ओरडलो.

“महाराज, ही पेढी उमेदवारांना कधीच कायम करत नाही!”

“सरकार,” आपल्या वकिलांसह दरबारात बसलेले थोरले दिघे गोड हसले, “माझ्या बैठकीतला एकूणएक वकील उन्हाळी उमेदवारीतूनच वर आलाय.” मागच्या वकिलांनी पगड्या डोलावल्या.

“त्या उमेदवारांना विचारा!” मी दाराकडे बोट केलं. तिथे वकिलांचे कागद सांभाळत उभ्या असलेल्या दादाच्या सोबत्यांनी माना खाली घातल्या. पुढच्या उन्हाळ्याची आशा होती ना!

महाराज हट्टाला पेटले. “पोरा, वकिलाला खोटं पाडून दाखव! दप्तर मागायचं नाही, साक्षीदार बोलवायचा नाही. जमलं नाही, तर जन्मभर यांच्या पंख्याची दोरी ओढशील!”

पंख्याची दोरी! मी दिघ्यांकडे वळलो.

“वकीलसाहेब, उमेदवार भिंतीमागे बसून पंखा ओढतात ना? आणि त्याच वेळी अर्जांच्या नकलाही करतात?”

“अर्थात! दोन्ही एकदम. शिस्त आहे आमच्याकडे!”

“मग महाराज, या वकिलांनाही दोन्ही येत असणार. ओढू द्या की त्यांना आपला पंखा!”

पहिल्या वकिलाने उजव्या हातात दोरी धरली, डाव्यात बोरू. अर्जावर शाई सांडली. दुसऱ्याने दोरी दातात धरली, त्याला ठसका लागला. तिसऱ्याने ती कमरेला बांधली आणि लागला घुमायला! पगडी उडून थेट दिवाणजींच्या मांडीत! पंखा तसूभर हलला नाही. महाराज घामाघूम.

“अरे, मग हे करतात तरी कसं?”

मी दादाच्या एका सोबत्याला पुढे ओढलं. “तोंड बंद ठेव. नुसता बस.”

तो बसला. सवयीने जोडा काढला, दोरीचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवला. पाय झुलू लागला, हात लिहू लागला. महाराजांच्या मिशा वाऱ्याने हलल्या.

“हरकत!” दिघे किंचाळले. “याने साक्षीदार आणला!”

“कुठं? हा एक शब्द बोललाय का?” मी म्हणालो. “महाराज, याच्या अंगठ्यावरचा घट्टा बघा. आता वकीलमंडळींनाही जोडे काढायला सांगा!”

जोडे निघाले. सगळे अंगठे लोण्यासारखे मऊ!

“दिघे, ही मंडळी आली कुठून?” महाराजांनी विचारलं.

दिघे पुटपुटले, “हा... जावई. तो भाचा. पलीकडचा मेहुणा...”

महाराज असे हसले, असे हसले की त्यांना गादीचा आधार घ्यावा लागला! “आजपासून खुंट्या उमेदवारांच्या, आणि दोरी जावयांच्या अंगठ्यात! पोरा, तुला काय देऊ?”

“एक खुंटी.”

“तू कुठला वकील?”

“माझ्यासाठी नको, महाराज.”

महाराजांचं हसू थांबलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

मी घरी जाऊन लाल पगडी घेतली आणि पेढीत गेलो. पंख्याचा वारा जिथे सगळ्यात चांगला लागतो, ती खुंटी सोबत्यांनी मोकळी ठेवली होती. मी पगडीवरची धूळ बाहीने पुसली आणि ती तिथे टांगली.