काजळीचं बोट

एका राज्यात जादूगारांना दरबारात मानाचं आसन होतं, त्यामुळे तिथे कुणालाच धड झोप नसे. एकदा राणीने भर सभेत एका जादूगाराला त्याच्या दाढीत अडकलेलं भाताचं शीत दाखवलं. एवढंच! पण तो भडकला. त्याने राणीची साळुंकी केली आणि तिचा चेहरा साऱ्या चित्रांतून, साऱ्या मनांतून पुसून टाकला. म्हणाला, "तीन दिवसांत हिचं खरं चित्र निघालं तर ही परतेल. नाहीतर तिसऱ्या सूर्यास्ताला हिची वाचाही जाईल."

राजाने भानजी चिताऱ्याला बोलावलं. साळुंकी येऊन थेट त्याच्या कुंचल्यांच्या मडक्यावर बसली.

पहिल्या दिवशी भानजीने चंद्रासारखं मुख काढलं, कमळासारखे ओठ काढले. डोळे तेवढे कोरे ठेवले. डोळे शेवटी उघडायचे, ही चिताऱ्यांची रीत.

"ही कोण बाई?" साळुंकीने विचारलं.

"आपणच, राणीसाहेब."

"छे! नाक असं नव्हतं."

"मग कसं होतं?"

"ते आठवत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

दुसऱ्या दिवशी राजाने डोळे मिटून आठवण सांगितली. नथ होती, तन्मणी होता, बोरमाळ होती...

"आणि राणीसाहेब, महाराज?"

"ती त्याच्या आत असायची."

भानजीने दात-ओठ खात सगळं काढलं. साळुंकी म्हणाली, "सोनाराचं दुकान छान जमलंय."

तिसऱ्या दिवशी ऊन कलंडलं तरी चित्राचा नवा फळा कोराच. साळुंकीचे शब्द तुटायला लागले. "नाक... भानजी... ना..."

भानजीने कुंचला आपटला. "पुरे, राणीसाहेब! सात वर्षांपूर्वीही आपण असाच छळ मांडला होता. माझं गजलक्ष्मीचं चित्र ओलं होतं. आपण आलात, 'वाळलं का?' म्हणालात आणि बोट लावलंत. तेही काजळीचं! हत्तीच्या गालावर ती तीट अजून आहे!"

राजा दचकला. "काजळी! अरे, महालातल्या सगळ्या वाती ती स्वतः सारायची. बोटानेच."

भानजीने आपटलेला कुंचला उचलला. शापाने चेहरा पुसला होता, वैताग पुसायचा राहून गेला होता! त्या वैतागाचं टोक धरून बाकीचं हळूहळू वर आलं: वाकलेली मान, चढलेली एक भुवई, चोरी पकडली गेल्यावर दाबलेलं हसू.

मग चंद्र नाही, कमळ नाही, सोनं नाही. एक समई, वातीशी गेलेलं एक काळं बोट आणि त्या उजेडात वाकलेला चेहरा. बोटाला रंग लावलाच नाही, समईची खरी काजळी लावली. सूर्य डोंगराला टेकला. साळुंकी नुसतीच चिवचिवत होती. भानजीने एक डोळा उघडला, मग दुसरा.

पिसं गळाली, राणी उभी राहिली. राजा रडला. जादूगाराचं आसन त्याच घटकेला माळ्यावर गेलं.

राणी चित्रापाशी वाकली. एक भुवई चढली.

"वाळलं का?"

"राणीसाहेब, नको—"

लागलंच बोट.

त्या राज्यात ते चित्र अजून आहे, गालावरच्या डागासकट. भानजीने तो पुसला नाही, कुणाला पुसूही दिला नाही.