न सोडलेला कंदील

सांगा बरं मंडळी, अंधाऱ्या खड्ड्यात माणूस उतरवायचा झाला, तर विश्वास कुणावर ठेवाल? उतरणाऱ्यावर, दोर धरणाऱ्यावर, की काठावर उभं राहून शहाणपण सांगणाऱ्यांवर? घाईने उत्तर देऊ नका. आधी रेवप्पाशेटची गोष्ट ऐका.

नदीकाठच्या एका गावात हा रेवप्पाशेट हळदीचा व्यापार करी. शाळेची पायरी त्याने फारशी चढली नव्हती. पण हळकुंड मोडून आतला रंग पाहिला, की माल कुठल्या शिवारातला ते तो डोळे मिटून सांगे.

त्या गावात हळद पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड अरुंद, पोट रांजणासारखं मोठं. भरून तोंड लिंपून टाकलं, की हळद वर्षानुवर्षे टिकते. पण बंद पेवातली हवा जीवघेणी होते. म्हणून नियम असा, की पेव उघडल्यावर ते एक दिवस तसंच ठेवायचं. मग मुकादमाने पेटता कंदील दोरीने तळाशी सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरणार, विझली तर थांबायचं. उतरलेल्या गड्याने आतून सारखी हाळी देत राहायची, म्हणजे तो शुद्धीवर आहे हे वरच्यांना कळतं.

सातू हा शेटचा जुना गडी. पेवात उतरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे त्याला दारूने धरलं. काम गेलं, बायको माहेरी गेली. एकदा तर भरदिवसा तो उघड्या पेवाच्या काठावर झोपलेला सापडला. शेवटी मेव्हण्याने त्याला परगावच्या दवाखान्यात नेलं. तिथे औषधं झाली, डॉक्टरांशी बोलणं झालं, मध्ये एकदा घसरणं आणि पुन्हा उठणंही झालं. पुढे वर्षभर मेव्हण्याकडे दारूला न शिवता राहून सातू गावात परतला.

आता गंमत पाहा. विषमज्वरातून उठलेल्या माणसाला गाव विचारतं, "कसं वाटतंय? पेज गेली का पोटात?" सातूही आजारातूनच उठून आला होता. पण त्याला जो भेटे तो आधी नाक पुढे करी.

"सातू, हात थरथरतोय की रे तुझा," न्हावी म्हणे.

"थंडी हाय मर्दा."

"थंडीचं औषध तुला ठावंच हाय!" आणि सगळा पार हसे.

रेवप्पाशेट हसत नसे. पण कामही देत नसे. त्याला कुतूहल मात्र फार. हा गडी खरंच सुटला असेल का? कळायचं कसं? हळकुंड मोडून पाहता येतं, माणसाचं काय करायचं?

एकदा माल पाठवायची घाई होती आणि पेवात उतरणारा नेहमीचा गडी सासरवाडीला गेला होता. पेव आदल्या दिवशीच उघडून ठेवलं होतं. शेटने मनाचा हिय्या केला आणि सातूला बोलावणं धाडलं.

बातमी फुटली. अर्धी पेठ पेवाकाठी जमली. मुकादम भुजंगाने सातूला मधोमध उभं केलं.

"आ कर."

सातूने आ केला. मुकादमाने हुंगलं. मग हमालांनी हुंगलं. मग न्हाव्याने हुंगलं. त्याचं तर तिथे कामही नव्हतं.

"काय बी वास न्हाई," मुकादम जरा हिरमुसून म्हणाला.

"बडीशेप खाल्ली असंल," मागून कुणीतरी बोललं.

"मग बडीशेपेचा तरी येतोय का?" शेटने विचारलं.

"त्यो बी न्हाई."

मग त्याला सरळ रेषेत चालवलं. काठोकाठ भरलेलं फुलपात्र धरायला लावलं. थेंब सांडला नाही. तोवर ऊन चढलं, गाडीवाला खोळंबून ओरडू लागला. सातूने मुकाट्याने कमरेला दोर बांधला आणि तो पेवात उतरला.

आतून हाळी आली. पुन्हा आली. मग बारीक झाली. मग थांबली.

"सातू!" शेटने हाक मारली. उत्तर नाही.

काठावर हशा पिकला. "झोपला गडी!" "आत बाटली लपवून ठिवली हुती वाटतं!"

मुकादम म्हणाला, "मी म्हनलं न्हवतं शेट? कुत्र्याचं शेपूट हाय ते. पडू द्या. झिंग उतरली की यील वर."

खोटं कशाला सांगू, शेटच्याही मनात पहिल्यांदा तेच आलं. त्याला रागही आला. पण व्यापाऱ्याचं मन, न जुळणाऱ्या गोष्टीपाशी ते अडतंच.

"थांबा," तो म्हणाला. "आत्ता तुम्ही सगळ्यांनी याला हुंगलं. वास नव्हता. पाणीही हललं नाही. आणि पेव कालपर्यंत लिंपलेलं होतं, याला बोलावणं आज गेलं, बाटली जाईल कुठून? मग हा पडला कशाने?"

तो मुकादमाकडे वळला.

"मुकादम, कंदील सोडला होता का?"

मुकादमाने हमालांकडे पाहिलं. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. कंदील झाडाखाली तसाच होता, न पेटवलेला. सगळे सातूचं तोंड पाहण्यात गुंतले होते. पेवाचं पाहायचं राहूनच गेलं होतं.

"ओढा!" म्हणत शेटने स्वतः दोराला हात घातला.

सातू वर आला तो ओठ निळे पडलेला, अंगभर हळद माखलेला. त्याला वाऱ्यावर निजवलं. तेवढ्यातही एकाने नाक पुढे केलं. शेटने त्याला ढकलून दिलं. बऱ्याच वेळाने सातूची छाती हलली. तेव्हा कुठे काठावरची माणसं श्वास घेऊ लागली.

तो सावध झाल्यावर शेट त्याच्याजवळ मातीतच बसला. मनातलं कुतूहल त्याला आता आवरेना.

"सातू, खरं सांग. अजून आठवण येते का रे दारूची?"

"येती की शेट. रोज येती. आज सकाळी बी आली."

लोकांत कुजबुज झाली.

"मग काय करतोस?"

"कुनाशी तरी बोलत बसायचं, असं दवाखान्यात सांगितलंय. मेव्हण्याकडं हुतो तवर बोलायचो. हितं भिंतीशी बोलतो. लोक येत्यात, हुंगत्यात, जात्यात. इचारलं असं तुमीच पयल्यांदा."

शेटने सातूच्या अंगावरची हळद झटकली. मग म्हणाला, "उद्यापासून कामाला ये. कामाआधी माझ्याकडे चहा घ्यायचा. तू बोल, मी ऐकेन. कधी घसरलास तर लपवू नकोस, तेही मलाच सांग. पुन्हा दवाखान्यात जाऊ."

सातूने मान हलवली.

न्हावी पुढे सरकला. "शेट, मी बी येऊ का च्याला?"

"ये की," शेट म्हणाला. "नाक तेवढं घरी ठेवून ये."

तात्पर्य: व्यसनातून उठू पाहणाऱ्याला पहारा नको, विचारपूस हवी, नुसता पहारा करणाऱ्यांना खरा धोका दिसत नाही. तेव्हा मंडळी, एक विनंती आहे. माणसाच्या नावे मांडलेली खोट आपण जन्मभर वाचत राहतो आणि त्याची जमेची बाजू कोरी ठेवतो. तुम्ही मात्र हिशेब प्रामाणिकपणे ठेवा.