सर्जेरावांच्या वतीने उपास

सर्जेराव जहागीरदारांचं पोट त्यांच्या आधी दिवाणखान्यात शिरायचं. दसऱ्याला वाडवडिलांचा सोन्याचा कमरपट्टा बांधून हत्तीवरून मिरवायचं, तर पट्ट्याच्या टोकाला टोक लागेना. वैद्य म्हणाले, "जेवण निम्मं करा, रोज सूर्यनमस्कार घाला."

"आम्ही?" सर्जेराव खवळले. जप असो की अनुष्ठान, त्यांच्या घरी सगळं दक्षिणा देऊन भटजींकडूनच व्हायचं. त्यांनी केशंभटांना बोलावलं. "आमच्या वतीने उपास तुम्ही करा, नमस्कारही तुम्हीच घाला. दसऱ्यापर्यंत पोट उतरलं नाही, तर चाबूक आहे!"

केशंभटांनी कपाळाला हात लावला. पण नाही म्हणायची सोय नव्हती. ते उपाशीपोटी नमस्कार घालत आणि समोर बसून सर्जेराव बासुंदी ओरपत.

दसरा उजाडला. चौघांनी ओढूनही पट्टा बसेना. सर्जेरावांनी चाबूक उचलला. "केशंभट, कुठंय उतरलेलं पोट?"

"हे काय, सरकार!" केशंभटांनी उपरणं बाजूला करून आपलं खपाटीला गेलेलं पोट दाखवलं. "तुमच्या वतीने माझं उतरलं. आणा तो पट्टा इकडे. आता हत्तीवरही तुमच्या वतीने मीच बसतो. आपण घरी निवांत जेवा."