शेवटच्या डब्याची पाटी

“आणि उघडायला?” सरांनी विचारलं.

“काय उघडायला?”

“कुलूप. लावायला किती वेळ लागतो ते तू दहा मिनिटं सांगत बसलास. उघडायला किती?”

“उघडायला काहीच नाही, सर. तिथेच तर मी वेळ वाचवलाय.”

सरांच्या हातातला अडकित्ता थांबला. मग पुन्हा सुपारी कातरू लागला.

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी तिशीचा होतो, आणि माझ्याइतका हुशार माणूस आमच्या जिल्ह्यात नाही, बहुधा पुण्यातही नाही, अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती. अवसरे सर पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन वाघदऱ्याला, आपल्या गावी येऊन राहिले होते. रविवार गाठून मी एसटीने त्यांच्याकडे गेलो, ते काही शिकायला नव्हे. दोन ओळींची शिफारस लिहून घ्यायला.

कुलूप लोखंडाचं नव्हतं. एका प्रोग्रॅममध्ये दोन-चार कामं एकदम चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. एकाच स्वयंपाकघरातल्या दोन जावाच त्या. एकीने मीठ घातलेलं दुसरीला कळलं नाही, की आमटी बिघडली. म्हणून मेमरीत एक घर राखून ठेवायचं. त्यात शून्य असेल तर मोकळं, एक असेल तर आत कुणीतरी आहे. घर मोकळं असल्याचं पाहणं आणि तिथे एक लिहिणं, या दोन्ही गोष्टी एकाच झटक्यात व्हाव्या लागतात. मध्ये कुणाला शिरायला फट राहता कामा नये. प्रोसेसरमध्ये अशा अखंड झटक्याची सोय असते. तयार कुलपंही मिळतात, पण मला ती जड वाटली, म्हणून मी माझं स्वतःचं बनवलं. ऑफिसात सगळे त्याला ‘परागचं कुलूप’ म्हणायचे. मी म्हणू द्यायचो.

“चालतंय ना?” सर म्हणाले.

“तीन वर्षं, सर. एकदाही अडलं नाही.”

“मग एवढ्या लांब कशाला आलास?”

मी सांगितलं. आमची कंपनी दवाखान्यांसाठी पंप बनवायची, रोग्याच्या शिरेत ठरलेलं औषध थेंब थेंब सोडणारा. नवा पंप नव्या प्रोसेसरवर चालणार होता. तो अजून चाचणीच्या टेबलावरच होता, पण दोन दिवसांतून एकदा भलतंच काहीतरी करायचा. बटण दाबून डोस आठाचा पाच केला, पडद्यावर पाच दिसले, आणि पंपाने पुढचा डोस आठाचाच दिला.

“माणसावर?”

“नाही सर. बाटलीत. पण महिन्याभरात दवाखान्यात जायचाय.”

“कुणाची चूक?”

“नाझनीन मुजावर म्हणून एक मुलगी आहे. डोस लिहिणारा भाग तिचा.”

“पाहिलास तिचा भाग?”

“वरवर. पण कुलूप माझं आहे ना सर. त्यात चूक असणार नाही. म्हणजे उरलं कोण?”

“ती काय म्हणते?”

“म्हणते, मी कुलूप लावूनच लिहिते, लिहून झाल्यावरच उघडते... सगळेच असं म्हणतात.”

“तिचं काय होईल?”

“उद्या मीटिंग आहे. बहुतेक काढतील.”

सर सुपारी चघळत राहिले.

“रिपोर्ट लिहिलास?”

“लिहिला.”

“मग माझ्याकडून काय हवंय, परागशेठ?”

ते मला शेठ म्हणाले की माझी फजिती जवळ आलेली असायची. पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

“कुलूप बरोबर आहे, एवढ्याच दोन ओळी. तुमचं नाव आलं की कुणी तोंड उघडणार नाही.”

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी तो पाहिलाही नाही. उठून खिळ्याला टांगलेलं वेताचं एक मोठं कडं काढलं. त्याला चामड्याची पिशवी शिवलेली होती, आणि तिच्यात काहीतरी जड होतं.

“बूट घाल. स्टेशनात जाऊ.”

“अहो, चहा ठेवलाय!” आतून काकू म्हणाल्या.

“तिकडेच घेऊन ये,” सर म्हणाले.

वाघदऱ्याला तेव्हा स्टेशन उरलं नव्हतं. नॅरोगेजची गाडी बंद होऊन वीस वर्षं झाली होती. रूळ उपटून नेले होते, खडी तेवढी शिल्लक होती. फलाटाचे दगड होते, एका खोलीच्या भिंती होत्या, आणि पिवळ्या पाटीवरचं ‘दरे’ अजून वाचता येत होतं. सर त्या खडीवरून असे चालले, की जणू रूळ अजून आहेत आणि त्यांना ते दिसताहेत.

खरं सांगतो, ती संध्याकाळ मला आजही हवीशी वाटते. आता सर नाहीत. फलाटाचे दगडही कुणीतरी नेले. कधी कामात अडलो की मला पुस्तकं आठवत नाहीत, सरांचं ते खडीवरून सांभाळून चालणं आठवतं.

आणि आठवते पॉलिटेक्निकची लॅब. आम्ही अकरा जण, चालणारा कॉम्प्युटर एक. कीबोर्डवरून मारामाऱ्या व्हायच्या. सरांनी नियम केला, ज्याच्या हातात डस्टर तो बसणार. उठताना डस्टर टेबलावर ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. एकदा मी घाईने डस्टर ठेवला आणि फाइल सेव्ह करायला पुन्हा वाकलो, तोवर आमच्यातल्या लोखंडेने तो उचलून मशीन बंदसुद्धा केलं होतं. दिवसभराचं काम गेलं. तेव्हापासून सर दारातूनच ओरडायचे, “आधी सेव्ह, मग डस्टर!” सगळी लॅब खो खो हसायची.

“माझे वडील इथे एकोणीस वर्षं स्टेशन मास्तर होते,” सर म्हणाले. त्यांनी पिशवीतून लोखंडी गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. चांगलाच वजनदार होता.

“इथून सोनारीपर्यंत एकच रूळ. दोन गाड्या समोरासमोर यायला नकोत, एकीच्या मागून दुसरी आपटायला नको. म्हणून दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, तारेने जोडलेलं. एक गोळा बाहेर निघाला की दोन्हीकडची यंत्रं मुकी, दुसरा गोळा निघणारच नाही. ज्या ड्रायव्हरकडे गोळा, तोच जाणार. पोचल्यावर गोळा यंत्रात टाकला, की लाइन मोकळी.”

“म्हणजे माझं कुलूपच की, सर!” मी म्हणालो.

“हो. शंभर वर्षं आधी.”

खोलीत यंत्र नव्हतं. भिंतीला चार बोल्टांची भोकं आणि शेजारी एक कोनाडा होता.

“हा कोनाडा यंत्र समज. तू मास्तर, मी गाडी.”

“सर, मला साडेसहाची एसटी...”

पण गोळा पुन्हा पिशवीत घालून ते निघालेही होते. बहात्तर वर्षांचा माणूस खडीवरून शंभरएक पावलं गेला, वळला, आणि तोंडाने भकभक करत परत येऊ लागला. मला हसू आवरेना. फलाटाशी येताच त्यांनी ते कडं माझ्या हातात अडकवलं आणि तसेच पुढे गेले. मी धावत जाऊन गोळा कोनाड्यात टाकला.

“लाइन?” सरांनी पुढून विचारलं.

“मोकळी!”

“नक्की?”

“गोळा आत टाकलाय, सर.”

“किती वेळ लागला?”

“काहीच नाही.” मला त्याचाही अभिमान वाटला.

“मागे बघ.”

मी मागे पाहिलं.

सर जिकडून आले होते त्याच वाटेने, खडीच्या मधोमध, काकू येत होत्या. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कपांची पिशवी. गुडघा दुखत असल्याने एकेक पाऊल जपून टाकत होत्या. फलाट अजून बराच लांब होता.

“पुन्हा मला शेवटचा डबा केलंत ना?” त्या तिथूनच ओरडल्या. “कितवा विद्यार्थी हा?”

“चौथा,” सर म्हणाले.

मला आधी हसू आलं. मग ते थांबलं.

“गाडीच्या शेवटच्या डब्यावर एक पाटी असायची,” सर म्हणाले. “मास्तरने ती डोळ्यांनी पाहायची. गाडी सगळी आत आली... मगच गोळा.”

मी फलाटावर बसलो.

माझ्या कुलपात लावण्याचा झटका चोख होता. पण उघडताना वेळ वाचावा म्हणून मी प्रोसेसरला मोकळीक दिली होती. आधी लिहिलेलं मागाहून पोचलं तरी चालेल, शून्य तेवढं लवकर टाक. जुना प्रोसेसर आज्ञाधारक होता, न सांगताही क्रमाने लिहायचा. नव्याने माझं म्हणणं शब्दशः घेतलं. त्याने शून्य पुढे धाडलं, आणि नाझनीनने लिहिलेला पाचाचा डोस अजून मागे खडीवरच होता. पंपाच्या थ्रेडने पाहिलं, कुलूप उघडं आहे. तो आत शिरला आणि समोरचा जुना आठ घेऊन गेला.

ती मुलगी खरंच लिहून झाल्यावर उघडत होती.

“आधी सेव्ह...” मी म्हणालो.

“मग?”

“मग डस्टर.”

काकू पोचल्या, टेकल्या, आणि त्यांनी कप भरले. चहात गवती चहा घातलेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी ते पाहिलं आणि चहा फार गरम आहे, बेताने घे, एवढंच म्हणाल्या.

“वडिलांचंही एकदा असंच झालं,” सर म्हणाले. “मालगाडी आली. हातात गोळा आला, त्यांनी तो आत टाकला आणि सोनारीला लाइन मोकळी दिली. मग बघतात तर शेवटच्या डब्याला पाटी नाही. पाच डबे सुटून मागे ओढ्याच्या वळणावर राहिलेले. आणि सोनारीहून पॅसेंजर सुटायच्या बेतात.”

“फोन?”

“कुणी उचलेना.”

“मग?”

“लाल झेंडी कपाटात. कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते आठवेना. बाहेर आई लुगडं वाळत घालत होती, लाल. ते तसंच ओलं ओढलं आणि धावत सुटले. डब्यांच्याही पुढे गेले. पॅसेंजर समोर आली तेव्हा रुळावर उभं राहून लुगडं फडकवत होते.”

“थांबली?”

“थांबली.”

“सासूबाई ते लुगडं पुन्हा नेसल्या नाहीत,” काकू म्हणाल्या. “पण टाकलंही नाही.”

“आणि रजिस्टरात काय लिहिलं त्यांनी?” मी विचारलं.

“जे झालं ते. चूक माझी.”

“शिक्षा झाली?”

“चार वर्षं बढती अडली.” सरांनी बशीत चहा ओतला. “सुटलेल्या डब्यांचा दोष गार्डवर ढकलता आला असता. तसं सुचवणारेही भेटले.”

मी गोळा कोनाड्यातून काढून पिशवीत घातला आणि कडं सरांच्या शेजारी ठेवलं.

“रिपोर्ट लिहिलास म्हणालास,” सर म्हणाले.

“हो.”

“म्हणजे तुझ्याकडेच आहे?”

मी मान खाली घातली.

“पाठवला, सर. सकाळी एसटीत बसायच्या आधी.”

सरांनी बशी खाली ठेवली.

“कोण वाचणार?”

“साहेब. उद्या नऊला, मीटिंगच्या आधी.”

“आत्ता फोन लागेल?”

“इथे रेंज नाही. स्टँडपाशी येते.” मी घाईने म्हणालो, “पण सर, नुसतं फोनवर बोलून कोण ऐकेल? मी उद्या लवकर जातो. आधी कुलूप दुरुस्त करतो, चाचणी लावतो, आकडे हातात घेतो. नवा रिपोर्ट नीट मांडून लिहितो, आणि मग साहेबांना...”

सरांनी माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला.

“पळ,” ते म्हणाले. “झेंडी शोधत बसू नकोस.”