राजाची मूठ

यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव, बघू तुझी छाती!

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. त्यानं मांत्रिकाच्या गुहेतलं शापाचं माणिक उचललं, नि मूठ मिटली ती मिटलीच. वर अशी तहान लागली की विहिरीमागून विहीर पिऊन बसला. रयत ओली माती चोखायला लागली. आणि दरबाराची रीत काय, तर राजापुढं दुःखाचं नाव काढायचं नाही! वैद्य म्हणायचे, "महाराज, तब्येत कशी टुणटुणीत!"

राजकन्या उत्पला रडत बसली. तिची साळुंकी म्हणाली, "रडून काय होतंय? डोंगरावर भिक्खुणी राहते, तिला गाठ."

उत्पला डोंगर चढली. "माय, आबांची मूठ उघडा."

"मी कोण उघडणार? तीन कामं कर. दुखतंय ते दुखतंय म्हण. का दुखतंय ते शोध. मग ना लाड, ना छळ, आबांना मधल्या वाटेनं ने."

उत्पला थेट भरल्या दरबारात शिरली. "आबा, तुम्हाला दुखतंय."

प्रधानाच्या हातून पानाचा डबा पडला. राजा हमसून रडला. "होय गं. तहान आहे."

"कशाची?"

राजानं मुठीकडं पाहिलं. "हे सुटू नये, याची. आणि अजून हवं, याची."

दोन कामं झाली, तिसऱ्याला घोडं अडलं. प्रधान म्हणाला, "घागरी ओता!" सेनापती म्हणाला, "कोंडा, थेंब देऊ नका!" उत्पलानं दोघांना बाहेर काढलं, नि स्वतःच बापाची बोटं ओढायला लागली, वेडी कुठली! ओढावं तशी मूठ घट्ट.

साळुंकी खेकसली, "तुझी मूठ बघ आधी, बापाच्या मनगटावरची!"

उत्पलानं हात सोडला. बापाला वाटीभर पाणी दिलं नि शेजारी मांडी घालून बसली. "आता तहान आली की नुसती बघा."

"आली."

"बघा."

"लई आली गं!"

"बघाच."

"अगं... गेली की!"

पुन्हा आली, पुन्हा गेली. राहायला म्हणून ती आलीच नव्हती. राजा बघत राहिला, नि करंगळी सुटली. मग बाकीची बोटं. माणिक फरशीवर पडलं, त्याचं पाणी झालं, वाहत गेलं नि साऱ्या विहिरी काठोकाठ भरल्या. शाप फिटला. रयत पोटभर प्याली, राजा वाटीभर.

काय? अजून एक गोष्ट हवी? आली ना तहान! बघत बस तिच्याकडं. चल, नीघ आता.