पेवावरच्या दोन खाटा

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं आत्यानं मला बजावलं आहे. नवराबायकोच्या भांडणाच्या गोष्टी मुलींच्या तोंडी शोभत नाहीत म्हणे. पण गोष्टीचा शेवट चांगला आहे, म्हणून हळू आवाजात सांगते.

फार पूर्वी, डोंगरापलीकडे जायला अजून धड वाटही पडली नव्हती, तेव्हा एका गावात एक कुंभार आणि एक कुंभारीण राहत होती. कुंभार चाक फिरवायचा. कुंभारीण तळ्याची माती आणायची, चाळायची, तुडवायची आणि भाजलेली मडकी घरोघर पोचवायची. सुगी झाली, की गाव कुंभाराच्या नावानं बलुत्याची ज्वारी द्यायचं.

त्यातली थोडी ज्वारी दोघं दरवर्षी अंगणातल्या पेवात ओतत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड लहान, पोट मोठं. ज्वारी ओतली, की तोंडावर शिळा ठेवून माती लिंपायची.

"हात थरथरायला लागले, की चाक फिरणार नाही," कुंभार म्हणायचा. "तेव्हा हेच आपलं जेवण."

पण हात थरथरायच्या आधीच दोघांची मनं विटली. भांडण मिठावरून सुरू व्हायचं आणि माहेरापर्यंत जायचं. शेवटी दोघांनी पंचांसमोर काडी मोडली. काडी मोडली, की लग्न मोडलं, अशी तिथली रीत होती.

पंचांनी वाटणी केली. चाक त्याला, जातं तिला. गाढव त्याला, दोन शेळ्या तिला. डोळ्यांना दिसत होतं, ते सगळं वाटून झालं. पेवाचं नाव मात्र कुणीच काढलं नाही. ते जमिनीखाली होतं, आणि म्हातारपण अजून लांब होतं.

कुंभारीण शेळ्या घेऊन भावाच्या गावी निघाली. वेशीपाशी एक वाकलेली म्हातारी भीक मागत बसली होती. तिला बघून कुंभारीण थबकली, तशीच माघारी फिरली आणि पेवाच्या कडेला खाट टाकून बसली.

"आता काय राहिलं तुझं इथं?" कुंभारानं विचारलं.

"पेव राहिलं."

"बलुतं माझ्या नावानं यायचं. पेव माझं!"

"नावानं मडकी होतात का? माती कुणी तुडवली? माझ्या टाचा बघा."

"टाचा दाखवून ज्वारी मिळत नसते."

"मग मिशा पिळून मिळते का?"

कुंभारानंही दुसऱ्या बाजूला आपली खाट टाकली. आता दोघंही हलेनात. चाकावर कोळ्यानं जाळं विणलं. दोघांनाही एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं, आणि दोघं दिवसभर एकमेकांचंच तोंड बघत होती. येणारेजाणारे म्हणत, "काडी मोडली, पण खाट काही मोडेना!"

एका दुपारी कुंभारीण शेळ्यांना पाणी पाजायला तळ्यावर गेली. ती दिसेनाशी होताच कुंभारानं शिळा सरकवली.

बंद पेवातली हवा जीव घेते, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक होतं. पेव दिवसभर उघडं ठेवायचं, मग आत दिवा सोडायचा आणि तो तेवत राहिला तरच उतरायचं. पण कुंभाराला एवढी सवड कुठली? ती परत यायच्या आत त्याला ज्वारी लपवायची होती. त्यानं दोराचं एक टोक लिंबाच्या झाडाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि तो उतरला.

कुंभारीण परतली. उघडं पेव बघून ओरडली, "चोर कुठला!"

तिनं वाकून पाहिलं. कुंभार ज्वारीवर पडला होता, पाण्याबाहेरच्या माशासारखा तोंड वासून.

क्षणभर ती तशीच उभी राहिली. आता वाद घालायला कुणी उरलं नसतं. सगळी ज्वारी तिची झाली असती.

मग तिनं धावत जाऊन झाडाचा दोर सोडला, गाढवाच्या छातीला बांधला आणि हाक दिली, "चल रे राजा, ओढ!" एरवी हट्टी असलेलं ते गाढव मुकाट्यानं चालू लागलं. ओरडा ऐकून शेजारी धावले. कुंभार वर आला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

"मला का काढलंस?" तो पुटपुटला. "सगळं पेव तुझंच झालं असतं."

"मला ज्वारी हवी होती. तुमचा जीव नको होता."

कुंभाराची मान खाली गेली. त्यानं स्वतःच पंचांना बोलावलं.

पंचांतले एक म्हातारे आजोबा म्हणाले, "खरं सांग गड्या, हिच्या मातीवाचून तुझं चाक फिरलं असतं का?"

"फिरलं असतं, आजोबा. पण नुसतंच."

"मग ज्वारी दोघांची. आणि चूक आमचीही आहे. आम्ही समोरचं वाटलं आणि पुढचं विसरलो."

पेवाला दिवसभर वारा दिला. ज्वारीचे दोन सारखे ढीग केले. एक पुन्हा त्याच पेवात गेला. दुसरा न्यायला कुंभारानं आपलं गाढव दिलं.

"तेवढं परत पाठव हो," तो म्हणाला.

"पाठवते. तुमच्यापेक्षा ते बरं ऐकतं माझं."

कुंभाराला हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्यानं चाकावरचं जाळं झाडलं. कुंभारिणीनं भावाच्या गावी नवं पेव खणलं. दोघं पुन्हा कधी एकत्र राहिली नाहीत, आणि पुन्हा कधी भांडलीही नाहीत. पुढे दोघांचे हात थरथरू लागले, तेव्हा दोन गावांतल्या दोन चुलींवर गरम भाकरी होती.

तात्पर्य : दोघांच्या कष्टांनी साठलेलं, नातं तुटलं तरी दोघांचंच असतं.

मला अजून एक सांगायचं होतं. मोठी माणसं म्हणतात, की वेगळं होणं म्हणजे सगळं संपणं. पण त्या दोघांना त्यानंतर जी शांत झोप लागली असेल, तिचा विचार करून मला वाटतं, की… आले गं आई, आले!