निवण्याचा हिशेब

भरवसा कोणाचा धरावा, सांगा पाहू? मी गिऱ्हाइकांचा धरून पाहिला, तोलणाऱ्यांचा धरून पाहिला. हल्ली दगडाचा धरतो. ते केवळनाथ बाबांनी शिकवलं.

जुन्नरकडच्या एका टेकडीवर त्यांचा मठ. आमचा खडीसाखरेचा धंदा, प्रसादाचा पुडा घेऊन मी अधूनमधून वर जायचो. एके दिवशी पोचलो तर त्यांचा शिष्य हेरंबनाथ पायरीशी उभा. नुकताच पंचाग्नी करून उठलेला. भर उन्हाळ्यात चहूबाजूंनी धुन्या पेटवून मध्ये बसायचं, डोक्यावर सूर्य. पलीकडच्या गावच्या मठाची गादी रिकामी होती. तिथली माणसं हार घेऊन खाली जीपमध्ये थांबलेली. हेरंबनाथाला तिथं बसवायला बाबांनी हो म्हणायचं तेवढं बाकी.

"आता आणखी किती तापू, बाबा?" तो विचारत होता.

"तापलास की. चांगला तापलास." बाबा हसले. "निवलास कसा?"

हेरंबनाथानं खाली जीपकडे पाहिलं.

बाबा माझ्याकडे वळले. "शेठ, बत्तासा आणि खडीसाखर, पाक वेगळा का हो?"

मी म्हटलं, पाक साखरेचाच. बत्तासा थेंब पडला की जागच्या जागी आळतो. खडीसाखरेचं भांडं मात्र झाकून ठेवायचं, सावकाश निवू द्यायचं, धक्का लागू द्यायचा नाही. तेव्हा कुठं आत सोडलेल्या दोऱ्याला खडे धरतात. घाई केली की नुसता रवा.

बाबांनी तांब्यातलं पाणी पायरीवर ओतलं.

इतकी वर्षं मी तिथं जोडे काढत आलो, पायरी पाहिली ती त्या दिवशी. काळ्याभोर दगडात बोटाबोटाएवढे पांढरे स्फटिक, आडवेतिडवे, ओले झाल्यावर लखलखणारे.

"हे कोणी जडवले?" हेरंबनाथानं विचारलं.

"पाय पुसायची जागा रे तुझी, आणि मला विचारतोस? कोणी नाही जडवले. हा दगड एके काळी तापलेला रस होता. जमिनीच्या पोटात खोल थांबला होता, तेव्हा हे पांढरे निवांत वाढले. मग भेग पडली, सगळं वर आलं. वारा लागला, आणि उरलेला रस होता तिथंच गोठला. त्या काळ्यातला कण दिसतो का बघ."

तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. दिसेना.

"म्हणजे वर आल्यावर हे पांढरे वाढलेच नाहीत?"

"वर येऊन नुसतं घट्ट होता येतं."

खाली जीपचा हॉर्न वाजला. हेरंबनाथ पायरीवरच बसला, एका पांढऱ्या स्फटिकावरून बोट फिरवत...

"ती माणसं विचारतील, बाबा. त्यांना काय सांगू?"

"ही पायरी सांगते तेच, आणि ती खोटं सांगत नाही. आत किती थांबलास, वर किती घाईनं आलास. तेवढा हिशेब खरा ठेव, बाळा."